सिस्टरांचा सामुराय

एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं साळवे सिस्टरांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता आली नाही, तरी गाडी कुठं चाललीय ते त्या सांगत. गाडी भलतीकडंच वळली, तर "डायवरनं रस्ता बदलला असंल" म्हणून मोकळ्या होत.

सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. बेलापुरातली कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हातची, माझ्या नवऱ्याच्या वेळचंसुद्धा. निवृत्तीनंतर त्या आमच्या शेजारी एकट्याच राहत. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय. सासूकडं गूळ-शेंगदाणे माग." मागायची माझी टाप नव्हती. संध्याकाळी त्यांनीच कुंपणावरून माझ्या सासूबाईंना सुनावलं.

दोघींचं तसं फार सख्य. मात्र सिस्टर बौद्ध, आणि सासूबाई त्यांच्याकडं चहा घेत नसत. विचारलं की "आत्ताच झाला" म्हणत आणि उंबऱ्याशीच टेकत. सिस्टर आग्रह करत नसत. एकदा मला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या सासूचा चहा बघावं तवा आत्ताच झालेला असतोय. झोप कशी लागती बाईला?"

त्यांचा धाकटा भाऊ दिनकर बोटीवर नोकरीला होता. एकदा त्यानं जपानहून व्हीसीआर आणला, सोबत कॅसेटची एक पेटी. कराटेचा पिक्चर असेल म्हणून गल्लीतले पुरुष जमले. निघालं कार्टून. तेही जुनं, आणि सगळं जपानीत. पुरुष उठून गेले. सामुराय म्हणजे तिकडचा तलवारबाज शिपाई, एवढं सांगून दिनकरही बोटीवर परतला.

आम्ही बायका मात्र बसलो. धनी नसलेला एक सामुराय गावोगाव पायी हिंडायचा. माणसं चितारलेली होती, पण वारा सुटला की गवत खरोखर वाकायचं. तो काही न बोलता नुसता बघायला लागला की आमचाही श्वास अडकायचा. कार्टून म्हणजे उंदीर-मांजराची पळापळ, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दुपारी गेली.

गोष्ट सांगायला सिस्टर होत्याच. खाटेवर मांडी घालून त्या प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत. गालावर व्रण असलेला एक माणूस सामुरायच्या मागं मागं यायचा. तो त्याचा मावसभाऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं. "मावसभाऊ तलवार कशाला उपसतोय?" सासूबाईंनी उंबऱ्यातून शंका काढली. "जमिनीचा वाद हाय," सिस्टर म्हणाल्या. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

एका भागात वाटेवर दगडी बुद्धमूर्ती आली. सामुरायनं तलवार खाली ठेवली आणि वाकून हात जोडले. सिस्टर बोलता बोलता थांबल्या, खाटेवरून उतरल्या आणि त्यांनीही हात जोडले. मागं वळून पाहिलं, तर उंबऱ्यात सासूबाईंचेही हात जोडलेले. दुसऱ्या दिवसापासून त्या आत येऊन सतरंजीवर बसू लागल्या.

शेवटच्या कॅसेटच्या दिवशी सामुराय जखमी होऊन बर्फात पडला, आणि नेमकी लाईट गेली. कुणी घरी जायला तयार होईना. सिस्टरांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि नेहमीप्रमाणे सासूबाईंना सोडून सगळ्यांना कप दिले.

"मला न्हाई का?" सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी आपला कप सासूबाईंपुढं धरला. सासूबाईंनी बशीत ओतून तो सावकाश संपवला. "साखर लई झाली," त्या म्हणाल्या.

"उद्या कमी टाकते, आक्का," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःसाठी पुन्हा आधण ठेवायला वळल्या. बराच वेळ त्यांची पाठच आमच्याकडं होती.

लाईट आली. पडद्यावर एक घर दिसलं, दारात दिवा, दार उघडणारी म्हातारी आई. सामुराय आत गेला आणि कॅसेट संपली. "पोचला घरी," सिस्टरांनी जाहीर केलं. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

पुढच्या सुट्टीत दिनकर आला तेव्हा आम्ही सगळ्या तिथंच होतो. बहिणीनं सांगितलेली गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला. बोटीवरच्या जपानी सोबत्यानं त्याला खरी गोष्ट सांगितली होती. तो व्रणवाला मावसभाऊ नव्हता, मारेकरी होता. आणि शेवटचं ते घर म्हणजे बर्फात मरताना सामुरायला पडलेलं स्वप्न.

सासूबाईंचा चेहरा उतरला. सिस्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग भावाकडं.

"तुझा मेला असंल," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमचा पोचला."

दिनकरनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं एकवार बघितलं. सासूबाई त्याच्याकडंच टक लावून होत्या.

"पोचला असंल," तो म्हणाला.