रिपोर्ट येण्याआधीचा कोड
दवाखान्यातल्या विम्याच्या फायलींवर आजारांचे कोड टाकणं हे माझं काम. थायरॉईडची गाठ कॅन्सरची निघाली तर सी ७३, साधी निघाली तर डी ३४. रिपोर्ट येईपर्यंत नुसतं 'गाठ' एवढंच, अंदाज बांधायचा नाही. हा नियम मी नव्या पोरांना तोऱ्यात शिकवतो, घरीही ऐकवून ऐकवून बायकोला पाठ झालाय.

गेल्या महिन्यात तिच्याच गळ्यात गाठ निघाली. सुईने नमुना घेतला, रिपोर्ट यायचा होता. मी तिला पाण्याची बादली उचलू देईना. शेंगाचटणीने जीभ पोळली तरी 'झकास झालीय' म्हणायचो.

एके दुपारी मी जेवत असताना ती समोरच बसली.

"अहो, आमटी कशी झालीय?"

"मस्त की."

"मीठच घातलं नाही मी. मुद्दाम." ती हसली, पण हात गळ्याशी गेला. "म्हणजे मनात सी टाकून मोकळे झालात की तुम्ही! ऑफिसात तेवढा नियम?"

माझा चेहरा पडला. मी वाटी सरकवली. "अळणी आहे. तोंडात घालवत नाही."

"आत्ता कसं!" म्हणत ती मीठ आणायला उठली.

मिठाची बरणी ओट्यावरच होती, तरी तिला परत यायला बराच वेळ लागला.