साठीच्या पुढच्यांना सोडत नाहीत

हे मी शेखरलाही सांगितलेलं नाही. शेखर माझा नवरा. शेजारणीनं माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला गिचका म्हटलं, तर तेसुद्धा मी त्याला सांगते. बहिणीला नाही सांगितलं. माझं सगळं आपल्याला ठाऊक असतं असं तिला वाटतं. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही – तेवढंच कारण असेल. किंवा तेही नसेल.

एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं म्हणून आधी तसं लिहून पाहिलं. वाचलं तर फारच किरकोळ दिसलं. एका बाईनं दुसऱ्या बाईला सहलीत मागे बसवून ठेवलं – यात एवढं काय? म्हणून जरा मागून येते.

आम्ही तेव्हा चेन्नईत होतो, वेलचेरीला. शेखर मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, आणि मी साताऱ्याची बँकेतली नोकरी सोडून त्याच्यामागून आलेली. पहिलं वर्ष मी घरात बसून रडले आणि दुसऱ्या वर्षी तमिळ शिकले. आमच्याकडे कामाला यायची ती सेल्वी माझी मास्तरीण. माझं तमिळ काही फार बरं नव्हतं, पण वासरात लंगडी गाय शहाणी. शेखरला 'एव्वळवु' म्हणजे केवढ्याला, याच्यापुढे काही येत नव्हतं. घरमालक, गॅसवाला, रिक्षावाला – सगळ्यांशी मीच बोलायची. नोकरी गेल्यावर माझ्याकडे माझं म्हणून एवढंच उरलं होतं.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. तुम्हाला वाटेल, आता सासू खाष्ट असणार. तसं असतं तर हे सांगणं सोपं झालं असतं! त्या खाष्ट नव्हत्या. साताऱ्याकडच्या एका गावात जन्मभर भूगोल शिकवला त्यांनी, आणि घरातही शिकवायच्या. वरण उकळलं तरी त्यांना त्यात काहीतरी दिसायचं. "मेधा, बघ, बघ, मधून वर येतंय आणि कडेनं खाली जातंय." मी म्हणायची, हो आई. दिवसातून किती वेळा 'हो आई' म्हणावं माणसानं?

त्यांना तमिळ येत नव्हतं. इंग्रजी वाचता यायचं, पण कुणी भरभर बोललं की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. शाळेत ज्यांच्या नुसत्या बघण्यानं पोरं गप्प व्हायची म्हणे, त्या बाई माझ्या तोंडाकडे बघायच्या – आणि मला ते आवडायला लागलं. कसं सांगू? फार आवडायला लागलं.

मग मी भाषांतरात थोडं-थोडं पदरचं मिसळायला लागले. त्या म्हणायच्या, "सेल्वीला सांग, भांडी लख्ख घासतेस हो." मी सेल्वीला दुसरंच काहीतरी सांगायची, उद्या लवकर ये म्हणून. सेल्वी मान डोलवायची, सासूबाई खूश. एकदा अड्यारला डॉक्टरकडे नेलं होतं त्यांना. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, भरपूर चाला. बाहेर येऊन मी सांगितलं, "ते म्हणाले, जरा शांत बसत जा, बोलणं कमी ठेवा." दोन दिवस त्या खरंच कमी बोलल्या. मी मनातल्या मनात हसत होते. माझं बोलणं तपासणारं तिथे कुणीच नव्हतं, आणि मला त्याची चटक लागली होती – हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं एकदम घडलं असं मला भासवायचं नाही.

शेखरला कामासाठी इंडोनेशियात बांडुंगला जायचं होतं. तो म्हणाला, तुम्हीही चला. सासूबाईंनी कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं, बांडुंगवर बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून बसल्या. शहराच्या जवळच जिवंत ज्वालामुखी होता. तांगकुबान पराहू. गाडी वरपर्यंत जाते आणि तिथून वाटाड्याबरोबर खाली विवरात उतरता येतं, सगळं अर्ध्या दिवसात.

शाळेत त्या दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढायच्या. लाल खडूनं लाव्हा, पिवळ्यानं गंधक. मुलं विचारायची, बाई, तुम्ही बघितलाय का? त्या म्हणायच्या, पुस्तकात. "अगं, आपलं सगळं पठारच लाव्हाचं," मला सांगायच्या. "जन्मभर त्याच्यावर बसलोय, पण तोंड कुठं बघितलंय?" दुसऱ्या कशाचा त्यांनी कधी हट्ट केला नाही. साडी नको, दागिना नको. हे एक मात्र त्यांना हवं होतं, आणि ते त्या लपवत नव्हत्या.

तयारी काय सांगू! टी. नगरला जाऊन कॅनव्हासचे बूट घेतले. साडीवर बूट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःच हसल्या. चेन्नई ताटासारखी सपाट, चढायचा सराव करायचा कुठं? तेव्हा वेलचेरीचं रेल्वे स्टेशन नवंच झालं होतं, उंच, लांबलचक जिन्यांचं. रोज सकाळी त्या तिथे जाऊन जिने चढायच्या आणि उतरायच्या. गाडी पकडायची नाही, काही नाही. ऑफिसला जाणारी पोरं बाजूनं पळायची आणि या मधे कठडा न धरता चढत असायच्या. घरी आल्या की घाम पुसत सांगायच्या, आज मधे थांबावं लागलं नाही. साठी उलटून गेलेली होती त्यांची. पण मी म्हातारी झाले, असं तोवर त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी शेखर कामावर होता. आम्ही दोघीच निघालो, गाडी आणि वाटाड्या घेऊन. आसेप त्याचं नाव. हसरा, पोक्त माणूस, तोडकंमोडकं इंग्रजी. सासूबाईंना तो 'इबू' म्हणायचा, म्हणजे आई. वर पोचलो तर धुकं. कठड्यापलीकडे नुसतं पांढरं, हातभर अंतरावरचं दिसेना, फक्त गंधकाचा वास. सासूबाई कठड्याला छाती टेकवून वाकून बघत होत्या, की मधेच फाटेल आणि दिसेल. आसेप म्हणाला, इथे आज काही दिसायचं नाही, पण खालच्या विवरात धुकं नसतं. जंगलातून पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. जमीन गरम असते, पाणी उकळताना दिसतं.

मी त्यांना हे नीट सांगितलं. इथपर्यंत सगळं नीट सांगितलं.

मग काय झालं – सासूबाईंनी छत्रीच्या टोकानं जमिनीवर तो छेद काढला. मधली नळी, बाजूचे फाटे, वरचं तोंड. आसेप वाकून बघायला लागला आणि एकदम उजळला. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरु?" तिकडच्या भाषेतही शिक्षकाला गुरूच म्हणतात. सासूबाईंनी छातीवर हात ठेवला, "हो, हो, गुरु!" आणि दोघं हसले. मग त्यानं काडी घेऊन त्यात काहीतरी भर घातली. यांनी नाही म्हणून मान हलवली, पुसलं, दुसरीकडे काढलं. त्यानं कपाळावर हात मारला, हो, तुमचंच बरोबर. किती वेळ चाललं होतं त्यांचं. माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं.

एवढंच. खरंच एवढंच झालं होतं. त्यांनी मला टोमणा मारला नव्हता, त्या दिवशी आमचं भांडण झालं नव्हतं. मी बाजूला पर्स धरून उभी होते आणि मला संताप आला.

त्या बाकावर बसून बुटाचे बंद पक्के करायला लागल्या, तेव्हा मी आसेपला बाजूला घेतलं. म्हटलं, माझ्या सासूबाईंचे गुडघे वाईट आहेत, डॉक्टरनी मना केलंय, त्या इथेच थांबतील. तो म्हणाला, हळूहळू नेऊ ना, मी हात धरतो, यांच्याहून म्हाताऱ्या बायका नेल्यात मी. मी म्हटलं, नको. तो बिचारा पुन्हा म्हणाला. मी पुन्हा नको म्हटलं.

मग त्यांच्याकडे आले. "आई, तो म्हणतोय, साठीच्या पुढच्यांना खाली सोडत नाहीत. नियम आहे."

त्यांचे हात बंदावरच राहिले. म्हणाल्या, "तू सांगितलंस ना, मी चालते म्हणून?"

"सांगितलं."

"जिन्यांचं सांगितलंस?"

"सगळं सांगितलं, आई. ऐकत नाहीये तो."

त्यांनी आसेपकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे वाईट वाटल्यासारखा बघत होता – त्याला त्यांच्या गुडघ्यांचं वाईट वाटत होतं. आणि त्यावरूनच त्यांना माझं खरं वाटलं. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "कुणाला काही झालं तर जबाबदारी त्यांची." कुणाला फसवलं की आपल्याकडे कात्रजचा घाट दाखवला म्हणतात. मी तर परमुलखात नेऊन दाखवला, आणि त्यांनी मलाच म्हटलं, जपून जा.

मी खाली गेले. आता यात मला सगळ्यात लाज वाटते ती गोष्ट – मला छान वाटलं. वाट सुरेख होती, झाडांतून उतरणारी, ठिकठिकाणी पायऱ्या. साताऱ्याहून आलेली कुणी एकटी बाई परदेशात डोंगर उतरतेय, कुणाचं भाषांतर नाही, कुणाला 'हो आई' नाही. खाली राखाडी दगडांतून वाफा निघत होत्या, पाणी रटरटत होतं. आसेपनं त्यात अंडी उकडली, मी दोन खाल्ली. पाय गरम पाण्यात सोडून बसले. त्यांची आठवण आली का? आली. आली आणि मी आणखी थोडा वेळ बसले.

वर आले तेव्हा धुकं तसंच. त्या त्याच बाकावर, छत्री मांडीवर आडवी. भोवती भाजलेली कणसं, आल्याचं गरम पेय, टोप्या, सगळं विकत होते. यांनी काही घेतलं नव्हतं, मागायचं कसं? नाक लाल झालं होतं. मला बघून लगबगीनं उठल्या. "सांग, सांग. कसं होतं?"

आणि तेव्हा तरी – तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं की नाही? वाफेचा आवाज, दगडाचा रंग, पाणी कुठून वर येतं आणि कुठून खाली जातं. त्यांनी त्यातून सगळं उभं केलं असतं. मी म्हटलं, "काही विशेष नाही हो. चार डबकी आहेत, वास मारतो."

"जमीन पायाला गरम लागते का?"

"मी लक्ष नाही दिलं."

गाडीत आसेपनं त्यांच्या गुडघ्यांकडे बोट करून काहीतरी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थंडी वाजतेय का, विचारतोय." त्यांनी त्याला मान हलवून नाही म्हटलं.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी विसरलेही असते. चेन्नईला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टेशनवर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कशाला? वय झालं गं. त्यांनी बघताक्षणी ओळखलं, मलाच कळत नव्हतं." बूट त्यांनी सेल्वीच्या सासूला दिले. महिन्याभरानं शेखर म्हणाला, जिंजीचा किल्ला बघून येऊ, तर म्हणाल्या, तुम्ही या जाऊन, मी घरी बसते. पुढे आम्ही पुण्याला आलो. त्यांचे जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, एकदा गाडी घेऊन न्यायला आले होते, बाई, सज्जनगडावर चला, गाडी जवळजवळ पार वरपर्यंत जाते. त्यांनाही त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. माणूस एकदम म्हातारं कसं होतं, ते मी जवळून पाहिलंय. मी एक वाक्य बोलले आणि त्या ते जपून वापरत राहिल्या, तांदूळ निवडताना, औषध घेताना, नाही म्हणताना.

सांगायला वेळ होता मला. आजारपणं झाली, सण झाले, आम्ही दोघींनी मिळून किती दुपारी शेंगा सोलल्या. कितीदा ओठावर आलं. पण मग त्या विचारतील, का केलंस? आणि मी काय सांगू – की तुम्ही हसलात म्हणून?

त्या आहेत अजून. ऐकू कमी येतं, बाकी शाबूत आहेत. परवा रात्री सगळे जेवत होतो. माझी मुलगी, त्या सहलीनंतर झालेली, शाळेत ज्वालामुखी शिकतेय. आजीला म्हणाली, "आजी, तू खरा बघितलायस ना?"

"अगदी तोंडाशी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "पण खाली नाही गेले. साठीच्या पुढच्यांना सोडत नाहीत."

"हा कसला नियम? असा नियम कुठे असतो का?" लेक माझ्यासारखीच तिखट आहे.

"असतो बाई. मी असं उगीच सांगेन का?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं – तसंच, माझ्या तोंडाकडे. "हो की नाही गं मेधा? तुझ्याशीच बोलला ना तो."

मी 'हो आई' म्हटलं आणि त्यांच्या ताटात भात वाढला.