हलका लॅपटॉप मी घेऊन दिला

माझ्या लेकीची पाठ नववीत असताना वाकडी व्हायला लागली. पहिल्यांदा ते शिंपिणीच्या लक्षात आलं. युनिफॉर्मचं माप घेताना ती म्हणाली, "ताई, हिचा एक खांदा खाली हाय बघा." मी तिच्यावरच खेकसले, माप नीट घे म्हटलं. महिन्याभरानं डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला आणि मला आधी खुर्चीत बसायला सांगितलं. कणा डावीकडे कलला होता. त्यांनी पट्टा दिला, व्यायाम दिले आणि दोन गोष्टी बजावल्या. जड उचलायचं नाही आणि फार वेळ एका जागी बसायचं नाही. त्यातली पहिली मी पक्की गाठ मारून ठेवली. उचललेलं ओझं डोळ्याला दिसतं, बसलेलं माणूस आरामात आहे असंच वाटतं.

तेव्हापासून घरात तिला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. दप्तर बसस्टॉपपर्यंत मी न्यायची, नाहीतर तिचे आप्पा न्यायचे. आम्ही बेळगावजवळ पिरनवाडीत राहतो. मी एका हायस्कुलात क्लार्क, तिचे आप्पा फाउंड्रीत. माझं माहेर खानापूरकडचं, शेतीवालं. माझी आई मला म्हणायची, "पोरीला काय काचेच्या कपाटात ठेवालीस?" मी म्हणायची, व्हय, ठेवालोय, तुला काय करायचंय. माझं तोंड असंच आहे. सगळी शाळा ओळखून आहे.

बारावीनंतर तिला बेळगावातच आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. लहानपणापासून तिला घरांचं वेड. बसमधून जाताना सगळी पोरं माणसं बघतात, ही खिडक्या बघायची. कुठल्या घराला उजेड कुठून येत असेल ते मला सांगायची आणि मी हूं हूं करायची. आमच्या घराचा जिना चुकीच्या जागी आहे हे तिनं सहावीत असताना सांगितलं होतं. खरंच होतं ते. मला अजून तिथं डोकं आपटतं.

पहिलं वर्ष सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघं लॅपटॉप बघायला गेलो. दुकानातल्या माणसानं दोन काढून समोर ठेवले. एक पातळ, राखाडी, वहीसारखा. किलोभर वजन. दुसरा काळा, जाडजूड. तो अडीच किलोचा आणि त्याचा चार्जर म्हणजे निव्वळ वीट. लेकीनं त्या पातळ लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. काळ्यावर कुठल्यातरी इमारतीचं चित्र लावलं होतं, ते ती बोटानं गोल गोल फिरवत उभी राहिली. वरून बघितलं, खालून बघितलं, भिंत बाजूला सारून आत बघितलं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, आर्किटेक्चरला हाच लागतो. ह्या हलक्यावर पहिलं वर्ष निघेल, पुढं लई त्रास होईल."

"रोज उचलायला तुम्ही येणार हाय काय?" मी विचारलं.

लेक लाजून बाहेर जाऊन उभी राहिली. कॉलेजात सामान ठेवायची सोय नव्हती. चित्रं तिथंच सरांसमोर करायची, म्हणजे रोज न्यायचा आणि रोज आणायचा. दोन बस बदलून. आणि आमच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, कंडक्टर 'मुंदे होग्री, मुंदे होग्री', पुढं सरका, करत माणसं आत ढकलत असतो. तिचे आप्पा म्हणाले, "पोरीला पाहिजे तो घे की. बसपर्यंत मी उचलतो." मी म्हटलं, आणि तिकडं उतरल्यावर? फाउंड्रीत दिवसभर लोखंड उचलणाऱ्या माणसाला अडीच किलो म्हणजे काहीच वाटत नाही.

मग मी माझ्या डोक्यानं एक परीक्षा काढली. आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो, पण तेव्हा मला फार शहाणपणाची वाटली होती. साखरेचे किलोकिलोचे तीन पुडे आणले, तिच्या दप्तरात घातले आणि सांगितलं, आठ दिवस हे पाठीवर घेऊन सुट्टीतल्या ड्रॉइंगच्या क्लासला जाऊन यायचं. रोज संध्याकाळी मी विचारणार. एक दिवस जरी पाठ दुखली तरी हलका. नाही दुखली तर काळा.

"आई, आपला लॅपटॉप गोड निघणार बघ," ती हसून म्हणाली आणि दप्तर पाठीला लावून गेली.

संध्याकाळी आली ती शीळ घालत. दुखतंय का? न्हाय. दुसऱ्या दिवशी, न्हाय. पाचव्या दिवशीही न्हाय. मी मनातून खूश झाले होते. डॉक्टरलोक उगाच भिववतात असंही वाटायला लागलं. तिचे आप्पा तर दुकानात फोन करून काळा बाजूला ठेवायला सांगून मोकळे झाले.

रविवारी केर काढताना तिच्या ट्रंकेमागून मुंग्यांची रांग येताना दिसली. ट्रंक ओढली. मागं साखरेचे तीन पुडे, एक फुटलेला. दप्तर उघडलं तर त्यात जुना स्वेटर आणि कोंबलेले पेपर.

माझा पारा चढला तो उतरेचना. अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. खोटारडी म्हटलं. आईला फसवतेस म्हटलं. ती खाली मान घालून उभी होती. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी नेलते. दुखली पाठ. दुसऱ्या दिवसापासून न्हाय नेले."

"मग सांगायला काय झालं?"

"सांगितलं असतं तर काळा घेतला असतास?"

"न्हाय."

"मग?"

मी आणखी ओरडले. ती मात्र आवाज न चढवता बोलली. "आई, दुखलं तर माझं दुखंल. मी सोसीन. पण हलक्यावर माझं काम होणार न्हाय गं. मला दुसरं काही नको, दिवाळीला काही नको, तेवढा तो दे." तिनं आयुष्यात माझ्याकडे हट्टानं मागितलेली ती एकच गोष्ट. आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून एकटी दुकानात गेले आणि राखाडी घेऊन आले. तिला बरोबर नेलं नाही. नेलं असतं तर कदाचित तिच्या तोंडाकडे बघून पाघळले असते, ही भीती होती.

तिनं तो हातात घेतला. "किती हलका हाय," म्हणाली.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मधूनमधून मी विचारायची, चालतोय ना गं नीट? ती म्हणायची, मस्त चालतोय. दुसऱ्या वर्षापासून ती सकाळी लवकर निघायला लागली, संध्याकाळी दिवेलागणीला घरी. पोरगी अभ्यासात बुडाली म्हणून मी ऑफिसात कौतुक सांगायची. पाठीवर पिसासारखी बॅग घेऊन ती फाटकातून बाहेर पडायची आणि मी खिडकीतून बघायची. एवढं तरी आपण बरोबर केलं, असं रोज वाटायचं. शेजारणीलाही सांगितलं होतं, दुकानदाराचं ऐकलं असतं तर पोरीची वाट लागली असती म्हणून.

तिसऱ्या वर्षी पायाला मुंग्या येतात म्हणाली. मी तेलानं चोळून दिला. मग एक दिवस दुपारी शाळेत फोन आला. तिला उठता येत नव्हतं. तिच्या दोन मैत्रिणींनी रिक्षात आडवी घालून तिला दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा ती छताकडे बघत पडली होती आणि ओठ दातात धरला होता.

नवे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "जड उचलायची का?"

"मुळीच न्हाय," मी म्हटलं. छाती पुढं काढून म्हटलं. "लॅपटॉपसुद्धा मी किलोभराचा घेऊन दिलाय."

"बसायची किती वेळ?"

मी लेकीकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेर बाकावर तिची मैत्रीण बसली होती. तिला विचारलं तर ती आधी चाचरली. मग तिनं सगळं सांगितलं. "काकू, तिच्या लॅपटॉपवर दीड वर्षापासून काही होत न्हवतं. चित्र फिरवायला गेलं की बंदच पडायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये चारच कॉम्प्युटर धड आहेत, त्यातला एक धरायला ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. तिथं नुसती स्टुलं आहेत, पाठ टेकायला न्हाय. सहा-सहा सात-सात तास बसायची. उठली की दुसरं कोण तरी बसतं, म्हणून जेवायलापण उठायची न्हाय." मी म्हटलं, अगं मग मला का न्हाय सांगितलं? ती म्हणाली, "आम्ही सांग म्हटलं होतं. ती म्हणायची, आईनं माझ्या पाठीसाठी घेतलाय, तिला वाईट वाटंल."

मी त्या बाकावर बसून रडले. पहिल्यांदा परक्या माणसांसमोर रडले.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चांगलं झालं, आणि ती काठी धरून अंगणापर्यंत जाते. पण अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. कॉलेजनं एक वर्ष वाट बघितली, मग नाव काढलं. त्यांचाही दोष नाही. तिची चित्रं गुंडाळून कपाटावर ठेवली आहेत. ती खाली काढ म्हणत नाही आणि मीही काढत नाही.

निपाणीच्या एका इंजिनिअरकडून तिला आता काम येतं. तो घरं बांधतो, त्या घरांची माहितीपत्रकं मराठीत आणि कन्नडात टाइप करून द्यायची. खोल्या किती, दारं कुठल्या लाकडाची, पाण्याची टाकी केवढी. दुसऱ्यांच्या घरांचं वर्णन ती कॉटवर आडवी पडून लिहिते. डोक्याखाली दोन उशा, पोटावर तो राखाडी लॅपटॉप. तेवढं काम त्याला जमतं.

गेल्या आठवड्यात माझ्याच्यानं राहवलं नाही. चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "तो काळा घेऊ या का गं? आता कुठं न्यायचा नाही, घरातच राहील. तुझं तुला पाहिजे ते करत बस."

तिनं टाइप करता करताच मान हलवली. "आता त्याला घेऊन काय करू आई? आणि तो पोटावर ठेवला असता तर श्वास घेता आला नसता. बरं झालं बघ तू हलका घेतलास."

मी तिचं तोंड बघत राहिले. टोमणा असेल म्हणून बघत राहिले. टोमणा नव्हता. ती मनापासून बोलत होती, माझी समजूत घालायला. टोमणा मारला असता तर मी उलट बोलले असते, भांडले असते, मग दोघी रडलो असतो. मी चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला आणि व्हय म्हटलं.