रजिस्टरातली जांघ

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, आणि परळच्या हॉस्पिटलात आमच्या पॅथॉलॉजीच्या कारकुनांचा घसा कायम बसलेला असायचा. संध्याकाळी मोर्चा, सकाळी रजिस्टर. ते एकटेच कारकून, निवृत्तीला आलेले सज्जन गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी गिरगावातून येणारी, नुकती डॉक्टर झालेली, खात्यातली एकुलती एक बाई आणि तोंडाची फटकळ.

त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका बाईची गाठ होती. तिथल्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी ती सुपारीएवढी गाठ काढून, बाटलीत घालून पाठवली होती. रजिस्टरात जागा लिहिली होती, जांघ. खात्याचे प्रमुख, आमचे सर, काच बघून म्हणाले, "ग्रंथी आहेत, अगदी स्तनातल्यासारख्या. जांघेत त्या कुठून येणार? कॅन्सर पसरलाय." बाईला वॉर्डात भरती करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जांघ कापून साफ करायची, मग मूळ शोधत छातीकडे वळायचं, असं ठरलंसुद्धा.

मला ती काच पटेना. ग्रंथींच्या घड्या खूप होत्या, पण प्रत्येक घडीला पेशींचे दोन थर, एकाखाली एक, शिस्तीत. कॅन्सर अशी शिस्त पाळत नाही. कडेला कातडीचा एक कपटा आला होता, त्यात केसाचं एकही मूळ सापडेना. जांघेच्या कातडीत ते असायला हवं.

"मग काय, गाठ दुसऱ्याच कुणाची?" सर वैतागले.

"गाठ तिचीच आहे सर. जागा दुसरी असेल."

"रिपोर्ट चारला जाणार. तोवर काय ते दाखव."

मी तडक वॉर्ड गाठला. बाई तिशीची असेल. नणंद उशाशी बसली होती आणि बाई तिला धाकटीला दूध कधी द्यायचं, थोरलीची वेणी कशी घालायची ते सांगत होती. नणंदेला बाहेर पाठवून मी विचारलं, "गाठ नेमकी कुठं होती?"

तिनं चादरीचं टोक पिळलं. मग म्हणाली, "अवघड जागी ओ बाई. लघवीच्या वाटेच्या बाजूला. जांघेत नव्हती."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"सगळे डॉक्टर जांघ जांघ म्हणत होते. सगळे पुरुष, तपासूही दिलं नाही मी. म्हटलं बरंय, माझी लाज राहिली."

लाजेपायी ही बाई जांघ आणि छाती कापून द्यायला निघाली होती! मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

खाली येऊन काकांना धरलं. त्यांनी खालमानेनं खणातून प्रसूतिगृहाची चिठ्ठी काढली. तिच्यावर स्पष्ट अक्षरांत जागेचं नाव होतं. "रजिस्टर तुमच्या हातात जातं, डॉक्टरीणबाई. लेकीच्या वयाच्या तुम्ही. तो शब्द कसा लिहू? जवळची जागा म्हणून जांघ लिहिली."

"मराठी राज्यासाठी घसा फोडता आणि एका शब्दाला घाबरता?" मी खात्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. आज वाटतं, इतकं टाकून बोलायला नको होतं. पण तेव्हा बोलले, आणि बरं वाटलं.

सरांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा काचेला डोळा लावला. दहा मिनिटं झाली असतील. मग हसले. "साधी गाठ. दुर्मीळ, पण निरुपद्रवी. काढली तिथंच संपली. तू जिंकलीस." तेव्हा आम्ही ती घामाच्या ग्रंथीची गाठ समजत होतो. बायकांच्या त्या भागात स्तनासारख्या ग्रंथी मुळातच असतात, हे पुढे खूप वर्षांनी वाचलं, तेव्हा मी घरात एकटीच टाळी वाजवली.

काकांनी रजिस्टरातली जांघ खोडली आणि योग्य शब्द ठसठशीत लिहिला. रिपोर्टही स्वतःच वॉर्डात घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. गाठ जांघेतली नव्हती, असं काकांनी दारातच सांगताच ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी विचारलं, "जांघेत नाही? मग गाठ कुठली?"

काका ताठ उभे राहिले आणि बसल्या घशानं मोर्चातल्यासारखे ओरडले, "योनीच्या ओठाची, साहेब! आणि कॅन्सर नाही!"

नर्सेस थबकल्या. कुणाच्या तरी हातून ट्रे पडला. बाईनं पदर तोंडात कोंबला, पण हसू आवरेना. नणंद तिला मिठी मारून रडत होती आणि ही मात्र हसतच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या ठरल्या वेळेला, बाई अख्खी घरी गेली.