टाकीला कान

निघोजे गावचे एक भाऊ कंपनीत माझ्याच शिफ्टला आहेत. त्यांच्या मोटरसायकलचा पेट्रोलचा काटा कधीचाच बंद आहे. निघताना ते गाडी हलवतात, टाकीला कान लावतात आणि सांगतात, "अजून बावीस किलोमीटर हाय." आम्ही हसायचो.

परवा दुपारी एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला. अँब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकलेली. भाऊंनी टाकी ऐकली. "दवाखान्यापर्यंत पुरतंय. त्याला मधी घिऊन बस."

वाटेत पंप दिसला. मी ओरडलो, "भाऊ, पेट्रोल!"

"न्हाई लागत," म्हणाले आणि थांबले नाहीत.

"वेळेत आणलंत, बोटं वाचतील," डॉक्टर म्हणाले. हे सांगायला मी बाहेर धावलो, तर भाऊ बंद पडलेली गाडी ढकलत पंपाकडे निघालेले. मी मागून हात लावला. कुणाची गाडी इतक्या अभिमानाने मी कधी ढकलली नव्हती.