एलादिओची लचक

एलादिओ गेल्याचं मला बहारीनमधल्या अदलिया भागातल्या एका टायपिस्टच्या टेबलापाशी उभ्या उभ्या कळलं. पाकीट मी काम करतो त्या फुटबॉल क्लबच्या पत्त्यावर आलं होतं. वर माझं नाव म्हणून नुसतं 'दात्ता, मसाज', आत दोन पानं स्पॅनिश आणि एक फोटो. टायपिस्ट फर्नांडिसबाब गोव्याचे, पोर्तुगीज शाळेत शिकलेले. अर्धं कळतं, अर्धं अंदाजानं लावतो, असं म्हणत त्यांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. "दत्ताराम, बस मरे तू," म्हणाले. मी बसलो नाही. पत्र त्याच्या बहिणीचं होतं. पॅराग्वेतल्या त्यांच्या गावी, छातीच्या दुखण्यानं तो गेला होता. चाळिशी नुकती ओलांडली होती. त्याला तीन आठवडे होऊन गेले. उरलेलं पत्र मी शेवटी सांगतो, कारण ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

आमचं घर संगमेश्वराकडचं, तीन पिढ्यांचं हाडवैद्याचं. वडिलांचा एक रिवाज होता. मोडलेला, निखळलेला माणूस ओटीवर आला की चाचपून बघायचं आणि काहीही सापडलं तरी त्याच्या तोंडावर म्हणायचं, लचक आहे. माणूस घाबरला की अंग आखडतं, सांधा बसत नाही. खरं काय ते घरच्या कर्त्याला पडवीत नेऊन सांगायचं. पुढचं तो बघेल. हाच रिवाज आणि निर्गुडीच्या तेलाच्या चार बाटल्या घेऊन मी सत्तरच्या दशकात बहारीनला आलो. क्लबानं व्हिसावर 'मसाजर' लिहिलं. आमच्या खोलीतले लोक कौतुकानं डॉक्टर म्हणायचे, आणि मलाही ते आवडायचं.

दोन वर्षांनी एलादिओ आला. सौदीला जोडणारा पूल तेव्हा व्हायचा होता. तिशी गाठलेला स्ट्रायकर, म्हणजे बाजारात उतरती कळा लागलेला. सतराव्या वर्षी गावच्या क्लबातून राजधानीत गेला, तिथं गोलांचा पाऊस पाडला, मग युरोपात दोन सीझन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढले आणि तिथून आमच्या वाळूत. बुदैयाच्या रस्त्याला खजुराच्या बागेमागं त्याची खोली होती. धावायचा कमी, पण चेंडू कुठं पडणार ते त्याला आधी कळायचं. गोल झाला की इतर खेळाडू नाचायचे. हा जाळ्यातून चेंडू काढून काखेत मारायचा आणि स्वतः मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा. काम झालं, पुढचं काम. शुक्रवारी मआमीरच्या वर्कशॉपमधली आपली माणसं पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून त्याला बघायला यायची.

पहिल्याच महिन्यात त्याचा घोटा मुरगळला. मी चाचपला आणि म्हटलं, लचक. ती खरोखरच लचक होती, चार दिवसांत उतरली. एवढ्यावर त्यानं माझ्यावर जो विश्वास टाकला, तो माझ्या बायकोनंही कधी टाकलेला नाही. पुढं कुठंही दुखलं की माझ्या मसाजच्या खोलीतल्या लाकडी बाकावर पाय टाकायचा आणि विचारायचा, "दात्ता, लचक?" मी मान हलवली की हसायचा. त्याला येणारा मराठीतला तो एकुलता एक शब्द.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्याला गावच्या क्लबाचं बोलावणं आलं. जिथं सुरुवात केली त्याच मैदानावर एक शेवटचं वर्ष, आई स्टँडमध्ये बसलेली... ते पत्र तो किटबॅगेत घेऊन हिंडायचा. आणि कपच्या फायनलला आठवडा असताना सरावात त्याचा गुडघा फिरला. बाकावर झोपवून मी गुडघा वाकवला, नडगी धरून ओढली. टेबलाच्या ढिल्या खणासारखी ती पुढं सरकली. गुडघा बांधून ठेवणारी आतली शीर अर्धी तरी तुटली होती. दोन-तीन महिने पाय जपला असता तर एक सीझन निभावला असता. त्याच्या कपाळावर घाम होता, पण त्यानं नीट, सावकाश विचारलं. त्याची भाषा म्हणजे अरबी, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी. "दात्ता, सच बोलो. लचक नाही, तो नो फायनल. मला घर खेलना है. एक सीझन, बाद में खलास."

आणि मी म्हटलं, लचक.

सवयीनं म्हटलं, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलो. रिवाजाप्रमाणं लगेच मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि खरं ते सांगितलं. मॅनेजरनं शांतपणे ऐकून घेतलं. माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता आणि पासपोर्ट त्याच्या खणात होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. "वो जून में जाता है," तो म्हणाला. "उसके बाद घुटना उसका. तुमने लचक बोला ना? बस, लचक है. खलास." वडिलांच्या रिवाजात एक गोष्ट गृहीत होती, की कर्ता पेशंटचा असतो. इथला कर्ता कपचा होता. हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. मी बाहेर आलो आणि तेल गरम करायला घेतलं.

फायनलला पट्टी मीच बांधली, चांगली घट्ट. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं गोल केला, चेंडू काखेत मारून मध्यावर नेऊन ठेवला. चालताना पाय ओढत होता. दहा मिनिटांनी कॉर्नरवर उसळला आणि उतरला तो उठलाच नाही. जवळपास कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही. आपलीच माणसं ओरडत होती, ऊठ रे नाटक्या, टाइमपास करतो. आम्ही कप जिंकलो. फोटोत तो नाही. मी आहे, पहिल्या रांगेत, हसतोय. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं गरज सरली आणि रोगी मेला. वैद्याचा व्हिसा त्याच आठवड्यात रिन्यू झाला.

एअरपोर्टवर त्याची व्हीलचेअर मीच ढकलली. क्लबातून दुसरं कुणी आलं नव्हतं. तेव्हा तरी बोलता आलं असतं. त्यानं माझा हात धरला, म्हणाला, "दात्ता, माझा पाय गलत उतरला. तुझा हात गुड." मी खुर्ची ढकलत राहिलो.

आता ते उरलेलं पत्र. एलादिओ परत कधीच खेळला नाही. आईनं त्याला पाहिलं ते कुबडीवरच. पुढं तो गावातल्या मुलांना शिकवायचा. मूल पडलं की दोन्ही अंगठ्यांनी गुडघा दाबायचा, 'लचक' म्हणायचा आणि पुन्हा मैदानात पाठवायचा. अख्खं गाव आता तो शब्द वापरतं. बहिणीनं विचारलंय, तो कसा लिहितात आणि त्याचा अर्थ काय. मुलांना कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर रंगवायचाय. एलादिओ सांगायचा म्हणे, की आयुष्यात भेटलेल्या सगळ्यांत खऱ्या माणसाचा तो शब्द आहे. फोटोत बारा-पंधरा मुलं आहेत. दोघांच्या गुडघ्याला पट्टी आहे, मी बांधायचो तशीच.

फर्नांडिसबाब उत्तर लिहून द्यायला तयार आहेत. मी तीनदा अदलियाला जाऊन आलो. ते कागद मशीनला लावतात, माझ्याकडं बघतात, आणि मी पुढच्या शुक्रवारी येतो म्हणून उठतो.

तो बाक अजून माझ्याच खोलीत आहे. रोज कुणी ना कुणी त्यावर झोपतं. डाव्या कडेला लाकडात चार ओरखडे आहेत, मी नडगी ओढली तेव्हा रुतलेल्या एलादिओच्या नखांचे. लचकीत माणूस इतकं घट्ट धरत नाही. ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं, तो विचारायच्या आधी.