एकमेकींना कापणाऱ्या समांतर रेषा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि आमच्या मुलुंडच्या चाळीत मी स्वतःला गणितातली मोठी शहाणी समजू लागले. शेजारची मुलगी अकरावीला गणितात नापास झाली होती. जूनमध्ये फेरपरीक्षा होती आणि तीही गेली तर कॉलेज बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. म्हणून ती माझ्याकडे यायची. मी उपकार केल्यासारखी शिकवायचे.

एका संध्याकाळी दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या समांतर रेषेचं समीकरण काढायला घेतलं. रेषा 2x + 3y = 6, बिंदू (3, 4). "सोप्पं आहे गं! दोन आणि तीनची अदलाबदल कर, मध्ये वजा टाक, मग बिंदू घाल." उत्तर आलं 3x − 2y = 1. पोरगी बिचारी प्रामाणिक. तिने आलेखाच्या कागदावर दोन्ही रेषा काढून बघितल्या.

माझे बाबा कारखान्यात फिटर. चहा पिता पिता वाकून म्हणाले, "समांतर ना? मग या एकमेकींना कापतायत कशा?"

माझं डोकंच सटकलं. "तिचा आलेख चुकलाय. आणि बाबा, तुम्ही सातवी पास, उगाच नाक खुपसू नका!" तेही तिच्यादेखत. बाबा कप घेऊन गॅलरीत गेले. तिने मुकाट्याने आलेख खोडला.

ती गेल्यावर सहज पुस्तक उघडलं, तर चूक माझीच होती. अदलाबदल लंब रेषेसाठी करतात. समांतर रेषेला दोन आणि तीन तसेच ठेवायचे, फक्त उजवीकडचा आकडा बदलतो: 2x + 3y = 18. भिंतीपलीकडे ती माझाच नियम मोठमोठ्याने पाठ करत होती. चार पावलं जाऊन सांगायचं होतं फक्त. पण मग बाबांना तोंड कसं दाखवू? एवढंसं गणित, पेपरात थोडंच येणार आहे, असं म्हणत मी गप्प बसले. लिहितानाही शरम वाटते.

पेपरात ते आलं. चार मार्कांना. ती तीन मार्कांनी नापास झाली.

निकालाच्या दिवशी ती आमच्या दारात उभी राहिली, डोळे रडून सुजलेले. बाबा घरातच होते. "सॉरी ताई," ती म्हणाली, "तू एवढी मेहनत घेतलीस, माझंच डोकं चालत नाही."

"असू दे गं," मी म्हणाले. जणू मीच तिला माफ करत होते.